माणूस गेलं, यंदा गणपती आणायचा का?

श्रावण सरत आला की पेणच्या कारखान्यांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची घाई उडते, आणि आमच्या गटाच्या मीटिंगला एक प्रश्न हमखास येतो. बचतीचा हिशोब होतो, वह्या मिटतात, मग कुणीतरी हळूच विचारतं, "घरातलं माणूस गेलंय, यंदा गणपती आणायचा का?"

आधी आम्ही याला नुसता रीतीचा प्रश्न समजायचो. आता कळतं की विचारणारीच्या पोटात दुसरंच काही असतं. ज्या देवाने माझं माणूस राखलं नाही, त्याच्यासाठी मी मोदक कुठल्या मनाने वळू? हे मोठ्याने म्हणायची भीती वाटते, म्हणून ती रीत विचारते.

रीतीचं आधी सांगतो. सुतक साधारण दहा दिवसांचं, तेरावा झाला की घर मोकळं होतं. सुतकात आपल्या हाताने पूजा करत नाहीत. तेव्हाच गणपती आले तर कुणी शेजाऱ्यांच्या हातून पूजा करून घेतं, कुणी त्या वर्षी आणतच नाही, कुणी पाच दिवसांचा दीड दिवसावर आणतं. गावागणिक, भावकीगणिक हे बदलतं, म्हणून आपल्या घरच्या मोठ्यांना विचारलेलं बरं. आणला नाही तर कोप होईल, असं कुणी घाबरवलं तर मात्र ऐकू नका. दुःखातल्या बाईला घाबरवणं हा कुठला धर्म?

आता पोटातला प्रश्न. आपल्या रायगडात तो नवा नाही. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. तिन्ही वेळा पुढच्या दीड-दोन महिन्यांत गणपती आले. इर्शाळवाडीला तर बरोबर दोन महिन्यांनी, १९ सप्टेंबरला चतुर्थी होती. कुठे घर उरलं नव्हतं, कुठे घरात माणूस उरलं नव्हतं, आणि दिनदर्शिकेत सण तसाच छापलेला.

पेणकडच्या बायांना २०२० साल आठवत असेल. आधी टाळेबंदी, मग ३ जूनला निसर्ग वादळ. कारखान्यांवरचे पत्रे उडाले, मूर्ती भिजल्या. त्यात सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या वर नको आणि घरची दोन फुटांच्या वर नको असा सरकारी नियम आला, तेव्हा मोठ्या मूर्ती तयार होऊन बसलेल्या. हमरापूर, जोहे भागात घरटी माणसं या कामात आहेत. आमच्यातली एक रंगकाम करते. ती म्हणते, "त्या वर्षी मी देवाचे डोळे रंगवताना त्याच्याकडे बघत नव्हते. रागावले होते ना!" हात मात्र थांबले नाहीत. पोटासाठी थांबले नाहीत, हेही ती मोकळेपणाने सांगते. आम्हाला वाटतं, श्रद्धा कधीकधी अशीच टिकते. मन रुसलेलं असतं आणि हात आपलं काम करत राहतात.

रागावणं पाप आहे का? तुकोबांकडे बघा. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यांनी विठ्ठलाशी गोड बोलणंच ठेवलं असं नाही. ते भांडले, रुसले, त्याला नाही नाही ते ऐकवलं. आणि मोडकळीला आलेलं त्याचं देऊळही दुरुस्त केलं. आपल्याकडे भक्त देवाशी भांडतो, कारण परक्याशी कुणी भांडत नाही. तेव्हा देव्हाऱ्यापुढे बसून "का केलंस असं?" म्हणून रडलात तर भक्ती उणी होत नाही. महिना-दोन महिने दिवा लावावासा वाटला नाही, तरीही नाही.

भक्ती उणी होते ती आमच्या तोंडच्या शब्दांनी. "मागल्या जन्मीचं असेल", "नवस फेडला नसेल", "देवाला चांगली माणसंच आवडतात". आम्हीही हे बोललोय, खोटं कशाला सांगू! ज्या बाईचं पोर पाण्यात गेलं तिला हे ऐकवलं की ती देवापासूनही तुटते आणि आमच्यापासूनही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भात-पिठलं जातं. ही जुनी रीत शहाणी आहे. डबा द्यावा, जवळ बसावं, भांडी घासून यावं.

नवरा गेलेल्या बाईचं तर वेगळंच. गौरीच्या वेळी तिला बाजूला बसवायचं आणि वर देवावर विश्वास ठेव म्हणायचं! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय झालाय का, विचारून बघा.

आणि कुणी भगत "करणी आहे, कोंबडं आणि पैसे लागतील" म्हणाला तर दार लावा. २०१३ पासून त्यावर कायदा आहे, पोलिसांत तक्रार करता येते. झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ हा सरकारी फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. फोन केला म्हणून देव सोडला असं होत नाही.

रोह्याकडच्या आमच्या एक काकी आहेत. मुलगा गेला त्या वर्षी त्यांनी छोटी मूर्ती आणली, मखर केलं नाही. आरतीला उभ्या राहिल्या, पण तोंड उघडलं नाही. शेजारच्या बायांनी आरती म्हटली, मोदकही त्यांनीच आणले. दसरा झाल्यावर धावीर महाराजांची पालखी निघाली, तेव्हा काकी दारातच उभ्या होत्या. हात जोडले की नाही, आम्ही पाहिलं नाही. यंदा परवा भेटल्या तर म्हणाल्या, "मूर्ती सांगून आलेय. नारळ किती लागतील गं?"