यूएसबीची वीज : निजवणे वेगळे, तोडणे वेगळे

सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प सातारा जिल्ह्यात असूनही २००० नंतरच्या दशकात सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागाला भारनियमन सोसावे लागले. घरे आणि शेतीपंप एकाच फीडरवर असल्याने पंपांची वीज थांबवली की घरातले दिवेही विझत. म्हणूनच राज्यात गावठाण फीडर वेगळे करण्याची योजना राबविण्यात आली. संगणकाच्या यूएसबी जोडण्यांचे गणितही काहीसे असेच आहे.

यूएसबी पोर्ट ५ व्होल्ट दाबाची वीज पुरवतो. यूएसबी २.० मध्ये एका उपकरणाला ५०० मिलिअॅम्पिअर, तर ३.० मध्ये ९०० मिलिअॅम्पिअरपर्यंत प्रवाह घेता येतो. लॅपटॉप बॅटरीवर किंवा संगणक इन्व्हर्टरवर चालू असेल, तर ही बचतही मोलाची ठरते.

लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी ‘कंट्रोल’ नावाची एक फाइल असते. रूट अधिकार असलेल्या वापरकर्त्याने तीत ‘ऑटो’ लिहिल्यास उपकरण ठरावीक काळ, सर्वसाधारणपणे २ सेकंद, रिकामे राहिले की निद्रावस्थेत जाते. ‘ऑन’ लिहिल्यास ते जागेच राहते. काही माउस व कीबोर्ड निद्रेतून नीट जागे होत नाहीत. त्यामुळे हब वगळता बहुतेक उपकरणांसाठी लिनक्स ही सोय आपणहून सुरू करीत नाही.

मात्र निद्रा म्हणजे वीज तोडणे नव्हे. निजलेल्या उपकरणाने २.५ मिलिअॅम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह घेऊ नये, असा नियम असला तरी तो पाळणे उपकरणाच्या हाती असते. ५ व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो. यूएसबीवरचा साधा दिवा किंवा पंखा संगणकाचा कोणताही आदेश ऐकत नाही, म्हणून तो चालूच राहतो.

वीज खरोखर तोडायची तर हबमध्ये प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्र स्विच हवा. असा हब असल्यास ‘यूहबसीटीएल’ या मुक्त प्रणालीद्वारे हवा तो पोर्ट बंद-चालू करता येतो. समजा, साताऱ्याजवळच्या शेतावरील संगणकाचा एक यूएसबी सेन्सर अडकला आहे. त्या संगणकाशी इंटरनेटने संपर्क होत असेल, तर सांगलीत बसून त्या सेन्सरची वीज तोडून पुन्हा देता येते आणि एक फेरी वाचते. परंतु बहुसंख्य स्वस्त हबमध्ये असे स्विच नसतात. काही हब तर सोय असल्याचे संगणकाला कळवतात. आदेश दिल्यावर माहितीची देवाणघेवाण थांबते, पण वीज वाहतच राहते. म्हणून हब घेतल्यावर त्याला यूएसबी दिवा जोडून खात्री करावी.

पेन ड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर आधी ती ‘अनमाउंट’ करावी. लेखन चालू असताना वीज गेल्यास माहिती नष्ट होण्याचा धोका असतो, मग ती वीज भारनियमनाने गेलेली असो वा आपल्याच आदेशाने.