झटपट फोटोची चौकट आणि पाकिटावरचे नाव

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांच्या बाजारपेठांत फोटो स्टुडिओचा धंदा आज मुख्यतः पासपोर्ट आकाराच्या फोटोंवर आणि लग्नसराईवर उभा आहे. जातीच्या दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी खेड्यातून आलेल्या माणसाला परतीची एसटी गाठायची असल्याने फोटो तिथल्या तिथे हवा असतो, आणि डिजिटल कॅमेरा व लहान प्रिंटर यांच्या जोरावर तो काही मिनिटांत छापून, कापून, पाकिटात घालून त्याच्या हाती दिला जातो. हे पाकीट बहुधा दुर्लक्षितच राहते. परंतु ज्या धंद्यात माल क्षणात तयार होऊन लगेच गिऱ्हाइकाच्या खिशात जातो, तेथे वेष्टन हीच दुकानाची मागे उरणारी ओळख असते, हे झटपट छायाचित्रणाच्या इतिहासातून फार स्पष्टपणे दिसून येते.

या इतिहासाची सुरुवात अमेरिकेत झाली. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी कॅमेऱ्यातच फोटो तयार करणारी पद्धत फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे जाहीरपणे करून दाखवली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात असा पहिला कॅमेरा ८९.७५ डॉलरला विक्रीस आला. फिल्म धुण्यासाठी अंधाऱ्या खोलीत जी रसायने लागत, ती येथे फिल्मसोबतच एका चिमुकल्या पुडीत बंद केलेली असत. फोटो बाहेर ओढला जाताना दोन रुळांमध्ये ती पुडी फुटून रसायन कागदावर सारखे पसरत असे. म्हणजे या व्यवसायात फिल्मचे पुडके हीच एक छोटी प्रयोगशाळा होती. पुढे १९७२ च्या एसएक्स-७० या कॅमेऱ्याच्या वेळी तर कॅमेरा चालवणारी चपटी बॅटरीसुद्धा फिल्मच्या पुडक्यातच बसवण्यात आली.

असा अपूर्व माल हाती असूनही दुकानाच्या फळीवर पोलरॉइडचे खोके उठून दिसत नव्हते, कारण फिल्मच्या बाजारावर कोडॅकच्या पिवळ्या खोक्यांचे राज्य होते. पॉल जियाम्बार्बा या आरेखनकाराकडे १९५८ च्या सुमारास हे काम आले, तेव्हा त्यांनी पिवळ्याशी बरोबरी करण्याचा मोह टाळून खोक्याच्या कडेच्या बाजू काळ्या केल्या आणि त्यांवर साध्या, ठसठशीत अक्षरांत कंपनीचे नाव छापले. खोके एकावर एक रचले की कडेचीच बाजू गिऱ्हाइकासमोर येते, हे साधे निरीक्षण त्यामागे होते आणि ते दुकानात उभे राहिल्याशिवाय सुचणारे नव्हते. रंगीत फिल्म आल्यावर या काळ्या-पांढऱ्या मांडणीत रंगीत पट्ट्या आल्या, आणि १९७७ च्या वनस्टेप कॅमेऱ्यावर तर इंद्रधनुषी पट्टा खोक्यावरून थेट यंत्राच्या अंगावरच उतरला. नाव, अक्षरवळण, रंग आणि मांडणी यांच्या सातत्यातून गिऱ्हाइकाच्या मनात पक्की होणारी प्रतिमा, जिला ब्रँडची ओळख म्हणतात, ती कशी घडते याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि या ओळखीचा सर्वांत बळकट भाग कोणी ठरवून रेखाटलेला नव्हता. पोलरॉइडच्या चौरस फोटोभोवतीची पांढरी चौकट खाली जास्त रुंद असते, ती रसायनाची पुडी त्या जागी दडवलेली असते म्हणून. गरजेपोटी आलेली ही रुंद पट्टी लोकांनी नावे व तारखा लिहिण्यासाठी वापरली आणि कालांतराने चौकट हेच कंपनीचे चिन्ह होऊन बसले. २००१ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, नाव हातोहात विकले जाऊन दूरचित्रवाणी संचांवरही छापले गेले, २००८ मध्ये फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर झाले, तरी चौकटीची किंमत उतरली नाही. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील बंद पडणारा कारखाना काही हौशी मंडळींनी चालू ठेवला आणि २०१० पासून नवी फिल्म बाजारात आणली. जपानच्या फुजीफिल्मने २०१७ मध्ये चौरस इन्स्टॅक्स फिल्म काढली, तेव्हा ही पांढरी चौकट कोणाच्या मालकीची असू शकते का, हा वाद त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात पोहोचला. एका रिकाम्या किनारीसाठी दोन कंपन्यांनी कोर्टाची पायरी चढावी, यातच तिचे मोल कळते.

आज लग्नसमारंभांत किंवा वाढदिवसांना जे झटपट कॅमेरे दिसतात ते बहुतेक इन्स्टॅक्स मिनी जातीचे असतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकारात पूर्ण फोटो ८६ बाय ५४ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ एटीएम कार्डाएवढा असतो आणि एका पुडक्यात १० फोटो येतात. त्याच्या आरेखनात एक गोष्ट विशेष दाद देण्याजोगी आहे. पुडक्यावर एक पिवळी खूण असते, कॅमेऱ्याच्या आतही तशीच खूण असते, आणि दोन्ही जुळवल्या की फिल्म बरोबर बसते. इंग्रजी सूचना वाचता न येणाऱ्यालाही ती चुकीची बसवणे अवघड जाते. उजेडापासून रक्षण करणारे काळे आवरण सर्वांत आधी बाहेर पडते, तो बिघाड नव्हे, हे मात्र सांगावे लागते. फोटो हलवून वाळवण्याची सवयही सोडली पाहिजे, कारण आता रसायन आतच बंदिस्त असते आणि हलवल्याने चित्राला इजा पोहोचू शकते.

शहापूर-मुरबाडच्या हवेत वेष्टनाचे संरक्षक काम अधिकच महत्त्वाचे ठरते. पोलरॉइडची फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात वापरावी असे उत्पादक सांगतात आणि त्यावर गेल्यास रंग पिवळट-लालसर होतात. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो आणि पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. म्हणून आतील बंद पाकीट ऐनवेळीच फोडावे आणि खोक्यावरील मुदतीची तारीख पाहूनच माल घ्यावा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, नगसंख्या व कमाल किरकोळ किंमत छापणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

प्रश्न उरतो तो स्थानिक स्टुडिओंचा. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडणाऱ्या राजा दीनदयाळांच्या काळी फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत आणि त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव असे. त्यामुळेच कित्येक जुन्या फोटोंचे मूळ आज ओळखता येते. उलट आजचे तयार पाकीट बऱ्याचदा भलत्याच कुणाचा चेहरा, चार रंग आणि इंग्रजी अक्षरे घेऊन येते, आणि फोटोच्या मागे काहीच नसते. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत म्हसोबाच्या दर्शनाला आणि गुरांच्या बाजाराला लोटणाऱ्या गर्दीत एखाद्या स्टुडिओने जागच्या जागी फोटो काढून दिला, आणि त्याच्या पांढऱ्या किनारीवर देवनागरीत स्टुडिओचे नाव, ‘म्हसा’ हे गाव व वर्ष एवढेच एका रंगात छापले, तर तो फोटो घराघरांत त्या दुकानाची आठवण राखील. दुकानाच्या पाटीवर मराठी आहे, मग पाकिटावर का नसावी?

अशा चिन्हाला संरक्षणही मिळते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात नावाबरोबरच मालाचे वेष्टन आणि रंगांची जुळणी यांचाही समावेश केलेला आहे. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते, आणि नोंदणी १० वर्षे टिकून पुढे नूतनीकरणास पात्र राहते.