जुनी मोटार आणि शहराची वेस

पूर्वी मोठ्या गावांना तट असत आणि तटाला वेस असे. बाहेरून आलेली बैलगाडी वेशीपाशी थांबे, आत कोणता माल आहे हे पाहिले जाई आणि जकात दिल्यावरच तिला गावात शिरता येई. तट पडले, वेशी ओस झाल्या. आता जगातील काही मोठ्या शहरांना पुन्हा एकवार वेस आली आहे. ही वेस दगडाची नाही. रस्त्याच्या कडेला एक पाटी आणि खांबावर एक कॅमेरा, एवढेच तिचे रूप. ती गाडीतील माल पाहत नाही. गाडीच्या मागून निघणारा धूर पाहते. ज्या भागात अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांना मज्जाव असतो किंवा त्यांच्याकडून दंडवजा आकार घेतला जातो, त्या भागाला 'अल्प-उत्सर्जन क्षेत्र' असे म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी ह्या गावाला अशी वेस नाही. (नाशिक जिल्ह्यातही एक वणी आहे, ती सप्तशृंगी गडाजवळची. येथे विचार आहे तो विदर्भातील, निर्गुडा नदीकाठच्या वणीचा.) ह्या वणीच्या आसपास दगडी कोळशाच्या खाणी आहेत, चुनखडी आहे, आणि शेतांत कापूस आहे. त्यामुळे तिच्या रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ फार. ट्रकवर ताडपत्री नीट बांधलेली नसली की कोळशाची भुकटी उडते; मागून धूर येतो तो वेगळाच. मोठ्या शहरांनी जुन्या गाड्यांसाठी केलेले नियम वणीच्या मुलांनी का समजून घ्यावेत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शहराने नाकारलेली गाडी नाहीशी होत नाही. ती कोठेतरी जाते.

परंतु आधी जुनी गाडी अधिक धूर का सोडते, हे पाहिले पाहिजे. मोटारीच्या इंजिनात नळकांडे असते आणि त्यात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याच्या भोवती लोखंडी कडी असतात. ती नळकांड्याच्या भिंतीला घट्ट टेकलेली असतात, म्हणून खालचे वंगणतेल वर येत नाही. हजारो कोस धावून ही कडी झिजली, म्हणजे तेल फटीतून वर शिरते, इंधनाबरोबर जळते आणि निळसर धूर बाहेर पडतो. काळ्या धुराचे कारण निराळे. इंधन पुरे जळण्यास पुरेशी हवा लागते. हवेची जाळी धुळीने बुजली, किंवा इंधन वाजवीपेक्षा अधिक सुटू लागले, तर ते अर्धवट जळते व काजळी होऊन बाहेर येते. चुलीत ओले सरपण घातल्यावर जे होते, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा अधिक घातक होय. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. काजळीचे कण तर इतके बारीक असतात की त्यांपैकी पुष्कळसे अडीच मायक्रॉनहूनही लहान असतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, ह्यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

तरीही केवळ झीज हे सगळे कारण नव्हे. जुनी गाडी नवी होती तेव्हाही आजच्या गाडीइतकी स्वच्छ नव्हती. नव्या गाडीच्या धुराड्यात 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' नावाची डबी असते. तिच्यातील उत्प्रेरक धातू विषारी वायूंचे रूपांतर बरेचसे निरुपद्रवी वायूंत करतात. पेट्रोलमध्ये शिसे असले तर ही डबी निकामी होते. म्हणून आधी शिशाचे पेट्रोल बंद करावे लागले. आपल्या देशात ते २००० साली सर्वत्र बंद झाले. त्याच वर्षापासून गाडीने किती धूर सोडावा ह्याची मानके पायरीपायरीने कडक होत गेली. त्यांना 'भारत स्टेज' म्हणतात. चौथी पायरी १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशाला लागू झाली. पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० रोजी देशाने एकदम सहावीवर पाऊल ठेवले. चौथ्या पायरीच्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ५० भाग गंधक चाले. सहावीत ते दहावर आले. गाडी आणि इंधन ही दोन्ही एकाच वेळी सुधारावी लागतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

वणीतील जुन्या मोटारीला वेस आडवी येत नसली, तरी कायदा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर तपासणी करून घेऊन ती पाच पाच वर्षांनी नवी करावी लागते. मालमोटारीला योग्यता प्रमाणपत्र लागते. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. शिवाय पंधरा वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांवर आणि आठ वर्षांहून जुन्या भाडोत्री गाड्यांवर महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे.

ह्याखेरीज प्रत्येक गाडीजवळ धूर तपासल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे 'पीयूसी', असावे लागते. नव्या गाडीला पहिले वर्ष त्याची गरज नसते. पुढे जुन्या मानकांच्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी आणि चौथ्या पायरीपासूनच्या गाड्यांना वर्षातून एकदा काढावे लागते. पेट्रोलच्या गाडीची तपासणी करताना इंजिन चालू ठेवून धुराड्यात एक नळी खुपसतात. यंत्र कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सांगते. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला हे प्रमाण शेकडा ३ पर्यंत माफ आहे. भारत स्टेज चारच्या मोटारीला शेकडा ०.३ एवढेच. म्हणजे दोघींच्या हाती उत्तीर्णतेचे सारखेच कागद असले, तरी एकीला दसपट सूट दिलेली असते! डिझेलच्या गाडीचा धूर प्रकाशाला किती अडवतो, ते मोजतात.

शहरांच्या वेशी आपापल्या रीतीने ह्या गाड्यांची निवड करतात. दिल्लीने प्रथम वय पाहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ साली दिलेल्या आदेशांनुसार दहा वर्षांहून जुन्या डिझेलच्या आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोलच्या गाड्या राजधानी परिसरात चालविण्यास बंदी झाली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नियम समजण्यास सोपा, पण न्यायाच्या दृष्टीने ओबडधोबड. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी, निगा राखलेली मोटार आणि रात्रंदिवस राबणारी मोटार ही दोन्ही त्याच्या लेखी सारखीच. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पेट्रोलपंपावर इंधन देऊ नये, असे ठरले. परंतु लोकांत इतकी ओरड झाली की थोड्याच दिवसांत ते थांबवावे लागले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयासाठी मालकांवर कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरात ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. वयाच्या जोडीला अशा रीतीने मानकही आले.

लंडनने आरंभापासूनच मानकाला मान दिला. ८ एप्रिल २०१९ रोजी शहराच्या मध्यभागी सुरू झालेले तेथील क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व लंडनभर पसरले. पेट्रोलची गाडी युरोपच्या चौथ्या मानकाची आणि डिझेलची सहाव्या मानकाची नसेल, तर दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. गाडीचा क्रमांक कॅमेरा वाचतो, पहारेकरी नाही. गमतीची गोष्ट अशी की, चाळीस वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोटार तेथे आकारातून सुटते. अशा गाड्या थोड्या, आणि त्या फिरतातही थोड्या. पंधरा वर्षांची मोटार मात्र ना नवी, ना ऐतिहासिक. आणि ती बहुधा ज्याला नवी परवडत नाही त्याच्याच घरी असते.

महाराष्ट्रात माथेरान हे सर्वांत कडक वेशीचे गाव. तेथे रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर मोटारच चालत नाही. पाहुण्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. मुंबईने टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा घातली. शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे भरताच ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. मुंबई परिसरातील पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हळूहळू कमी करता येतील काय, ह्याच्या अभ्यासासाठी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समितीही नेमली.

आता वेशीवरून परत फिरविलेल्या गाडीचे काय होते ते पाहू. मालकापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक वाट मोडीची. शासनमान्य केंद्रात गाडी दिली, म्हणजे तिचे लोखंड, काच, तेल वेगवेगळे काढले जाते आणि मालकाला एक प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी खाजगी गाडी घेतली, तर मोटारकरात शेकडा २५ पर्यंत सूट देण्याची तरतूद २०२१ च्या केंद्रीय नियमांत आहे. दुसरी वाट परगावची. जुन्या नोंदणी कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी दुसऱ्या राज्यात नेता येते आणि तेथे तिची नव्याने नोंदणी होते. पुष्कळांना हीच वाट बरी वाटते, कारण गाडी विकून चार पैसे अधिक येतात. घेणाऱ्यालाही स्वस्तात मोटार मिळते, आणि लहान गावात स्वस्त मोटार ही काही चैनीची वस्तू नव्हे. तिच्यातून रोगी दवाखान्यात जातात आणि कापूस बाजारात जातो. राजधानीची हवा मात्र तेवढी हलकी होते आणि दुसरीकडची तेवढी जड.

अशी गाडी यवतमाळ जिल्ह्यात आली, तर तिच्या पाटीवर एमएच-२९ ही अक्षरे येतात. तिचा नवा मालक वणीचा असेल, तर पीयूसीची नळी तिच्या धुराड्यात वणीतच घातली जाईल. यंत्राने दाखविलेला आकडा मर्यादेत असेल, तर तिला रस्ता मोकळा. नसेल, तर आधी हवेची जाळी साफ करावी, इंधनाचे प्रमाण जुळवून घ्यावे, आणि कडी झिजली असतील तर इंजिन उघडून ती बदलावी. एवढे करूनही आकडा उतरला नाही, तर तिला पीयूसी मिळत नाही. पीयूसीवाचून गाडी हाकल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हा नियम दिल्लीला जसा आहे तसाच वणीलाही आहे.