चुना पोटात, पण अंगी लागेना

गाय व्याली. वासरू धडधाकट, कास भरलेली, घरात खरवसाचा वास. दुसऱ्या दिवशी पहाटे धारेला जावे, तर गाय उठत नाही. मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार पडलेले, शेण टाकणे बंद. घरधनीण म्हणते, "अहो, गाभण असताना रोज खुराकात कॅल्शियम घातलं, मग हिला झालं तरी काय?"

या दुखण्याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. उलट अंग थंड पडते. रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरते आणि स्नायू लुळे पडतात. वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही तासांत गाय दगावते. तिसऱ्या वेतापुढच्या दुधाळ गायींना, त्यातही जर्सी रक्ताच्या गायींना, धोका अधिक.

आता थोडा हिशेब पाहू. दहा लिटर चिकाबरोबर सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम अंगाबाहेर जाते. गायीच्या रक्तात मात्र एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम असते. बाकीचे हाडांतून आणि आतड्यांतून तातडीने यावे लागते. खरी अडचण येते ती येथेच.

आतड्यातले हमाल

बाजारात गाडीभर माल आला, पण उतरवायला हमालच नसले तर तो गाडीतच राहतो. पोटातल्या कॅल्शियमचे तसेच आहे. त्याला रक्तात नेण्याचे काम आतड्याच्या अस्तरातील प्रथिने करतात. एक प्रथिन दार उघडते. दुसरे कॅल्शियमला धरून पेशीच्या या टोकाकडून त्या टोकाला नेते. तिसरे पंपासारखे त्याला रक्तात ढकलते. यांतील दुसऱ्याचे नाव कॅल्बिंडिन. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वासरमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९६६ साली कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात ते दाखवून दिले.

हे हमाल पेंडीतून तयार मिळत नाहीत. आतड्यातील पेशीच ते घडवतात, आणि तेही 'ड' जीवनसत्त्वाचा हुकूम आल्यावर. उन्हाने कातडीत तयार झालेले हे जीवनसत्त्व यकृतातून मूत्रपिंडात जाऊन कामाचे बनते. रक्तातले कॅल्शियम घटले, की मानेतील एक छोटी ग्रंथी मूत्रपिंडाला तशी सूचना देते. तेथून हमाल कामावर रुजू होईपर्यंत एक-दोन दिवस जातात. चीक मात्र तेवढे थांबत नाही!

लाडाने घात

गाय आटलेली असताना तिला कॅल्शियम थोडेच लागते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आपण मायेपोटी ते भरमसाट दिले, तर ग्रंथी सुस्तावते, हमाल कमी होतात आणि ऐन गरजेला कोणी हाकेला येत नाही. वय वाढले, की आतडे हा हुकूम कमी ऐकते. म्हणून जुन्या गायींना त्रास जास्त.

मग काय करावे?

विण्याआधीचे तीन आठवडे लसूणघास कमी करावा. त्यात कॅल्शियम भरपूर असते, शिवाय त्यातले पोटॅशही या हुकुमाच्या आड येते. कॅल्शियमची औषधे या दिवसांत मनाने पाजू नयेत. खनिज मिश्रण कोणते आणि किती, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. त्यात मॅग्नेशियम हवेच, कारण त्यावाचून ती ग्रंथी नीट चालत नाही. व्याल्यावर मात्र कॅल्शियम देण्यात हयगय नको.

नुसत्या उसाच्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मग हमाल असूनही माल सुटत नाही. गायीला अंधाऱ्या गोठ्यात कोंडू नये, रोज थोडे ऊन मिळू द्यावे.

एवढे करूनही गाय बसलीच, तर तोंडावाटे काहीही पाजू नये. तिला नीट गिळता येत नाही, औषध फुप्फुसात जाते. दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती लावून तिला छातीवर बसती ठेवावे आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. शिरेतले कॅल्शियम त्यांनीच, हळूहळू द्यायचे असते. घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. वेळेवर सलाईन लागले, तर मान टाकलेली गाय बहुधा थोड्याच वेळात उठून उभी राहते.

गव्हाणीत काय टाकले, हा अर्धाच हिशेब. अंगी किती लागले, हा पुरा.