चिलापी आणि तिचे आफ्रिकेतील भाऊबंद

पूर्व आफ्रिकेत मलावी नावाचे प्रचंड सरोवर आहे. त्याची लांबी ५५० किलोमीटरांहून अधिक आणि खोली काही ठिकाणी ७०० मीटरांच्या आसपास. काठच्या खडकांवर शेवाळ दाटलेले असते आणि त्यावर निळ्या-पिवळ्या माशांचे थवे दिवसभर चरत असतात. या कुळाला शास्त्रज्ञ सिक्लिड म्हणतात. एकट्या मलावीत त्याच्या ७०० हून अधिक जाती असाव्यात.

एवढी तोंडे एका ताटात कशी जेवतात? याचे उत्तर बरेचसे त्यांच्या दातांत आहे. एका जातीचे दात कंगव्यासारखे. ती शेवाळ विंचरून त्यातले सुटे कण तेवढे टिपते. दुसरीचे तोंड खालच्या अंगाला वळलेले. ती खडकाला बिलगून शेवाळ खरवडते. ज्याचा त्याचा घास वेगळा, म्हणून सर्वांचे निभते.

या सरोवरातून शिरे नदी निघते आणि झांबेझीला मिळते. तिकडच्या खालच्या पाण्यात याच कुळातली एक मासळी राहते. तीच आपल्या बाजारातली चिलापी. १९५२ साली ती लंकेतून भारतात आणली गेली. हेतू चांगला होता. शेवाळावर वाढणारी मासळी गरिबाला स्वस्तात मिळावी, एवढीच इच्छा. परंतु चिलापी एका घासाला बांधलेली नाही. शेवाळ, गाळ, किडे, प्रसंगी दुसऱ्यांची अंडी-पिल्लेही तिला चालतात. मादी आपली अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पुष्कळ पिल्ले जगतात. आणि ती पिल्लेही दोन-तीन महिन्यांत वीण घालू लागतात. मग तळे खुरट्या माशांनी भरते आणि इतरांचे अन्न सरते. १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर ती पसरली होती. आज भीमेवरच्या उजनी जलाशयात तिच्यावर अनेक मच्छिमारांची चूल पेटते, आणि गोदावरीच्या खोऱ्यातही ती रुजली आहे.

नांदेड-लातूरकरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी तलावांची डबकी होतात, पाण्यातला प्राणवायू घटतो. पुष्कळ मासे गुदमरतात. चिलापी मात्र तग धरते. म्हणजे दुष्काळसुद्धा तिच्याच पथ्यावर पडतो.

जेथे ती आली आहे तेथून तिला घालविणे आता कठीण. पण ज्या गावतळ्यात ती अजून नाही, तेथे कोणी हौसेने सोडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. मासा पाण्यात सोडायला एक घागर पुरते. तो परत काढायला सारे तळे उपसूनही भागत नाही.