पिवळ्या-हिरव्याच्या मधे

अमोनियाच्या किटमधली परीक्षानळी आधी माशांच्या टाकीतल्याच पाण्याने खळाळून घ्यायची. मग पाच मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी, पहिल्या बाटलीतले आठ थेंब, दुसऱ्या बाटलीतले आठ थेंब. बाटली सरळ उलटी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि आकडा तिथेच बिघडतो. तोंडावर अंगठा न ठेवता टोपण लावायचं, कारण ही रसायनं कातडीला चांगली नाहीत. पाच सेकंद जोरात हलवून नळी पाच मिनिटं ठेवून द्यायची आणि मग कार्डाच्या पांढऱ्या पट्टीवर धरून रंग पाहायचा. पिवळाधमक म्हणजे शून्य. पिवळ्यात हिरवट झाक आली की पाव पीपीएम (म्हणजे लिटरमागे पाव मिलिग्रॅम), पोपटी झाला की अर्धा, आणि हिरवा जसजसा गडद होत जाईल तसतसे एक, दोन, चार, आठ.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पिवळा आणि पाव पीपीएम यांच्यातला फरक ओळखताना घरातली चार माणसं चार उत्तरं देतात. पिवळ्या बल्बखाली सगळंच निरोगी दिसतं, ट्यूबलाइटखाली सगळंच हिरवट. खिडकीपाशी, दिवसाउजेडी, रोज एकाच जागी उभं राहून एकाच माणसाने रंग वाचावा, हे मी सगळ्यांना सांगतो. अचूक आकड्यापेक्षा कालच्यापेक्षा आज वर गेलाय की खाली आलाय, हे कळणं जास्त उपयोगाचं असतं.

नवी टाकी घेताना दुकानदार हमखास एकच सल्ला देतो : दोन दिवस पाणी भरून ठेवा, मग मासे सोडा. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. दोन दिवसांत नळाच्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. पण माशांची खरी अडचण मासे सोडल्यानंतर सुरू होते. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो, म्हणजे श्वास घेता घेता, चोवीस तास. वर विष्ठा आणि तळाशी कुजणारं उरलेलं खाणं. नदीत हे वाहून जातं किंवा विरून जातं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेच्या पेटीत जेमतेम पन्नास लिटर पाणी मावतं, आणि ते कुठेही जात नाही.

जुन्या टाकीत हा अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकट थर करून राहतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. मत्स्यालयाच्या पुस्तकांत पुढे शंभर वर्षं नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हीच जोडी छापली जात होती. 1998मध्ये कळलं की मत्स्यालयात दुसरं काम करणारा बहुधा नायट्रोस्पायरा असतो. 2015मध्ये तर दोन्ही कामं एकट्याच उरकणाऱ्या नायट्रोस्पायराच्या जाती सापडल्या, त्यांतल्या काही मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्ये. नावं बदलली तरी आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तीच राहते : ही मंडळी फार सावकाश वाढतात. पोटातला ई-कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना त्यासाठी आठ तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो. म्हणून नवी टाकी ‘बसायला’ चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया माशांना पुरून उरतो.

मासे न सोडता, बाहेरून अमोनिया घालून आधी जिवाणू वाढवणं हा निःसंशय बरा मार्ग. पण आपल्याकडे टाकी आणि मासे एकाच रिक्षातून घरी येतात, बहुतेक वेळा मुलाच्या वाढदिवसाला. रिकाम्या पाण्यात महिनाभर थेंब टाकत बसा, असं आठ वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो आलेल्या माशांना हा महिना धडधाकट कसं काढू द्यायचं हा.

दादरला ताईच्या घरी आणि इकडे वाघोलीत माझ्या घरी एकाच सुमारास नव्या टाक्या लागल्या. आकार तोच, मासे तेच : झेब्रा डॅनिओ, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले अंगावर निळे पट्टे असलेले चपळ आणि काटक मासे. (गोल्डफिश टाळले. दिसतात गोजिरवाणे, पण खातात आणि घाण करतात दुप्पट.) भाचा रोज नळीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. एका सकाळी दोन्हीकडे रंग सारखाच, एक पीपीएमचा हिरवा. त्याचा मेसेज आला, ‘मामा, सेम टू सेम.’

सेम टू सेम नव्हतं. किटचा आकडा एकूण अमोनियाचा असतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : विद्युतभार असलेला अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही, आणि भार नसलेला अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ आत शिरतो. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. दादरला येतं ते तानसा-वैतरणाच्या तलावांचं मऊ पाणी; ताईच्या टाकीचा पीएच सातच्या आसपास. 28 अंशाला अशा पाण्यात विषारी रूप शेकडा 0.7. वाघोलीत आमच्या सोसायटीला बोअर आणि टँकरचं जड पाणी, पीएच 8.2. तिथे त्याच तापमानाला विषारी भाग शेकडा दहाच्या घरात. म्हणजे त्याच एक पीपीएममध्ये ताईकडे विषारी अमोनिया 0.007 आणि माझ्याकडे 0.1. कल्ल्यांना इजा सुरू होते ती साधारण 0.05पासून. ताईच्या माशांना नाश्ता मिळाला. माझ्या माशांचा नाश्ता बंद, आणि अर्धी टाकी पाणी लगेच बदललं.

म्हणूनच नुसत्या अमोनियाच्या किटवर माझा विश्वास नाही. शेजारी पीएचचं किट आणि दहा-वीस रुपयांत न मिळणारा पण टिकणारा थर्मामीटर हवाच. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीपार जातं तेव्हा तर विषारी भागाचा आकडा आणखी चढतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो तो त्रास वेगळाच.

किटच्या आधी मासेही सांगतात, पाहणाऱ्याला दिसत असेल तर. निरोगी डॅनिओ एका जागी ठरत नाहीत. एकमेकांच्या मागे लागणं हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. त्यांनी पाठलाग सोडला, पर अंगाशी आवळले, पाण्याच्या वरच्या थराशी तोंड करून उभे राहिले, कल्ल्यांच्या कडा लालसर दिसू लागल्या, की नळी काढावी. पण एवढं दिसेपर्यंत थांबायचंच नसतं, कारण कल्ले तोवर भाजलेले असतात.

पाणी बदलण्यात कौशल्य असं काही नाही, चिकाटी आहे. नवं पाणी बादलीत काढून त्यात हायपो टाकायचा, म्हणजे दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे पांढरे खडे. बादलीत हात घालून पाणी टाकीइतकंच कोमट आहे ना ते बघायचं आणि मगाने हळूहळू ओतायचं. अमोनिया एकवरून पावावर आणायचा तर एका वेळी पाऊणभाग पाणी बदलावं लागतं. त्यापेक्षा सकाळी निम्मं आणि संध्याकाळी निम्मं बरं. पाणी बदललं की जिवाणू वाहून जातात ही समजूत सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. ते पाण्यात नसतात, पृष्ठभागांना चिकटलेले असतात. त्यांना मारायचंच असेल तर फिल्टरचा स्पंज क्लोरीनच्या नळाखाली लख्ख धुवा. घरात कुणी ना कुणी स्वच्छतेच्या उत्साहात ते करतंच. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, तेही वाहणं अडलं तरच.

अमोनियाचा नळ खरं तर खाण्याच्या डबीत आहे. चाळीस टक्के प्रथिनांचं एक ग्रॅम खाणं घातलं की त्यातून साधारण 35 मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. पन्नास लिटरमध्ये हे पाऊण पीपीएमच्या आसपास जातं. एक ग्रॅम फ्लेक्स म्हणजे चांगला ओंजळीत दिसणारा ढीग, सहा डॅनिओंना कैक दिवस पुरेल इतका. चिमटीत मावतील तेवढे चार-पाच तुकडे, दिवसाआड. आजी-आजोबांना हे क्रूर वाटतं, दुपारी कुणी बघत नसताना ते चिमूटभर टाकतातच, आणि संध्याकाळच्या नळीत ते दिसतं.

एक उपाय मात्र हे सगळं निम्म्यावर आणतो : ओळखीच्या कुणाच्या, निरोगी मासे असलेल्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा. विरजणासारखाच. पिशवीत त्याच टाकीचं पाणी घेऊन, उन्हात न ठेवता, घरी आणून थेट नव्या फिल्टरमध्ये. बाटलीतून मिळणारे ‘बॅक्टेरिया’ही असतात. काही चालतात, काही नुसतंच पाणी ढवळतात. दुकानात उन्हात पडलेली बाटली घेण्यापेक्षा शेजाऱ्याचा मळकट स्पंज मी केव्हाही घेईन.

काही आठवड्यांनी अमोनिया उतरू लागतो आणि घरात आनंदीआनंद होतो. तेव्हाच दुसरं किट काढायचं, नायट्राइटचं. त्याचा रंग आकाशी असतो तोवर ठीक, जांभळा होत गेला की पहिल्या गटाने काम सुरू केलंय पण दुसरा अजून पोचलेला नाही. नायट्राइट रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक निकामी करतो. मासा भरपूर हवेतही गुदमरतो. इथे खडे मीठ कामाला येतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतं. पन्नास लिटरला लहान दोन चमचे मीठ, आधी पेल्यात विरघळवून. डॅनिओंना एवढं मीठ सहज चालतं. पाणी बदललं की जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ पुन्हा घालायचं.

आता गंमत उलटी फिरते. वाघोलीच्या जड पाण्याने सुरुवातीला मला घाम फोडला, पण टाकी बसली ती विनातक्रार. ताईकडे सुरुवात सुखाची आणि शेवटी अडखळ. जिवाणू एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खातात. मऊ पाण्यात ती मुळात थोडी, ती संपली की पीएच घसरतो, आणि साडेसहाच्या खाली जिवाणू आळसावतात. किटवर अमोनिया पुन्हा वर, मासे मात्र निवांत, कारण आंबट पाण्यात जवळपास सगळा अमोनियम. अशा वेळी घाबरून एकदम ऐंशी टक्के ताजं पाणी ओतणं घातक. पीएच झटक्यात वर जातो आणि निरुपद्रवी अमोनियमचं क्षणात विष होतं. ताईला सांगितलं, रोज थोडं थोडं बदल, आणि शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या तोंडाशी ठेव. शिंपले भाच्याने स्वतः केळव्याच्या किनाऱ्यावरून आणले होते. धुऊन, उकळून, हातोडीने फोडले. पीएच आठवड्याभरात जागेवर आला.

दोन्ही किटं सलग काही दिवस शून्य दाखवतात तेव्हा टाकी बसली असं म्हणायचं, आणि तेव्हाही पाहुणे एकदम आणायचे नाहीत. दोन मासे आणले की जिवाणूंची संख्या त्या मानाने वाढेपर्यंत एक-दोन दिवस हिरवट झाक दिसते. ती गेली की पुढचे दोन. पावसाळ्यात वीज चार-पाच तास गेली तरी नळी काढावी, कारण बंद फिल्टरमध्ये प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप म्हणून मी जवळच ठेवतो. आणि किटच्या बाटलीवरची मुदत घेतानाच वाचावी. दुकानाच्या मागच्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेलं किट कुठल्याही पाण्याला शून्य म्हणू शकतं.