नापासांचं साम्राज्य

प्राचीन चीनमधल्या छिन राज्याचा मंत्री शांग यांग याला या आठवड्यात रजा. त्याच्या कायद्यांकडे वळायचं ठरलं होतं खरं, पण मधेच एक पत्र आलं आणि माझं चित्त उडालं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ, बुधवार पेठेत पुस्तकांचं दुकान चालवणारे एक वाचक लिहितात : ‘आमचं निम्मं दुकान एमपीएससी-यूपीएससीवर चालतं. ही स्पर्धा परीक्षा मूळची चिनी, असं तुम्ही मागे ओझरतं लिहिलंत. मग आमच्या गिऱ्हाइकांनी आभार कोणाचे मानायचे आणि बोल कोणाला लावायचा?’

दोन्हींसाठी पत्ता एकच. सुई घराण्याच्या राजवटीत, इ.स. ६०५ च्या सुमारास, लेखी परीक्षेतून अधिकारी निवडायची प्रथा सुरू झाली. ती १९०५ मध्ये बंद झाली. घराणी आली नि गेली, मंगोल आले, मांचू आले. मधल्या काही खंडांचा अपवाद सोडला तर परीक्षा तेराशे वर्षं चालली. कॅन्टनच्या ब्रिटिश वकिलातीतला दुभाषा थॉमस टेलर मेडोज हिच्या प्रेमात पडला. चीन इतका टिकला तो या परीक्षेमुळे, तेव्हा ब्रिटननेही ती उचलावी, असं त्यानं १८४७ च्या पुस्तकात मांडलं. १८५३ च्या कायद्यानं कंपनी सरकारच्या मुलकी नोकऱ्या स्पर्धेला खुल्या झाल्या आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. सगळं श्रेय चीनला देता येत नाही. केंब्रिजची लेखी परीक्षाही डोळ्यांसमोर होती. पण ही तर चिन्यांची पद्धत, अशी हेटाळणी विरोधकांनी केली होतीच. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्या परीक्षेतून निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. तिचाच वंश पुढे वाढत तुमच्या दुकानातल्या फळीपर्यंत आला.

आता पुणेकर म्हणतील, विद्वत्तेची परीक्षा आम्हाला काय नवी? खरंच आहे. श्रावणात पेशवे दक्षिणा वाटत, तेव्हा शास्त्र्यांची विद्या पारखून रक्कम ठरे. इंग्रजी अमलात, १८२१ मध्ये, त्याच दक्षिणेच्या पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पण ती परीक्षा फक्त ब्राह्मणांसाठी होती आणि तिच्यातून शालजोडी मिळे, मामलत मिळत नसे. सरंजाम आणि वतनं घराण्यात चालत. चीननं नेमका हाच सांधा तोडला. कागदोपत्री का होईना, शेतकऱ्याचा पोरगा परीक्षा देऊन जिल्ह्याचा हाकीम होऊ शकत होता. पोरगाच, पोरगी नाही. नट, गुलाम अशा ‘हीन’ ठरवलेल्यांच्या मुलांनाही दार बंद होतं. १८४८ मध्ये याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा चीनमध्ये एकाही बाईला परीक्षेला बसायची परवानगी नव्हती.

परीक्षा तरी कशी? नानकिंगच्या परीक्षागृहात शेवटी शेवटी २०,००० वर कोठड्या होत्या. कोठडीत दोन फळ्या : एक बसायला, एक लिहायला. रात्री दोन्ही एकत्र केल्या की झाला पलंग, तोही पाय दुमडून. प्रांतिक परीक्षेत असे तीन मुक्काम करावे लागत. शिधा, अंथरूण, दिवा सगळं आपलं आपण न्यायचं. मुदत संपेपर्यंत दरवाजे उघडत नसत. कोणी आत मेला, तर प्रेत चटईत गुंडाळून भिंतीवरून बाहेर काढत. पास होणारा शंभरात एखादा.

आणि हे सगळं चोख असावं म्हणून काय खटाटोप! सोंग काळापासून उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत. तेवढ्यानं भागेना, हस्ताक्षर ओळखू यायचं. मग कारकुनांची फौज बसवली. उमेदवारानं काळ्या शाईत लिहिलेला प्रत्येक पेपर हे कारकून लाल शाईत उतरवून काढत आणि परीक्षकासमोर जाई ती लाल प्रत.

एवढं चोख काम परीक्षकांच्या जिवावरही बेतलं. १३९७ ची गोष्ट. मिंग घराण्याचा संस्थापक जू युआनजांग गादीवर. निकाल लागला आणि उत्तरेत बोंब उठली : पास झालेले झाडून सारे दक्षिणेचे! बादशहानं फेरतपासणी लावली. तपासणाऱ्यांनी सांगितलं, गुण बरोबर आहेत, उत्तरेचे पेपरच कच्चे आहेत. दक्षिण सुपीक, श्रीमंत, शाळांनी भरलेली. उत्तर शतकानुशतकं लढायांनी पिचलेली. पण बादशहाला हे उत्तर नको होतं. तपासणाऱ्यांतल्या काहींना मृत्युदंड झाला, म्हाताऱ्या मुख्य परीक्षकाची हद्दपारी झाली आणि नव्यानं परीक्षा घेऊन ६१ जण पास केले गेले, सगळे उत्तरेचे. पुढे तीसेक वर्षांत उत्तर-दक्षिण असा कोटाच ठरला. गुणवत्ता की प्रतिनिधित्व, हा वाद अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर जन्मला अशी कोणाची समजूत असेल, तर ती सोडावी.

बादशहा क्रूर होता, पण खुळा नव्हता. अख्ख्या उत्तरेची आशा तुटली तर काय होईल, हे त्याला कळत होतं. या परीक्षेबद्दल वर्षानुवर्षं वाचून माझं एक मत झालं आहे : हुशार माणसं निवडणं हे तिचं जोडकाम. मुख्य काम नापासांना सांभाळायचं. दर तीन वर्षांनी दोन-तीनशे जण सर्वोच्च पदवी घेत. उरलेले लाखो पुन्हा तीच पुस्तकं उघडत. वयाची अट नव्हती. ऐंशी ओलांडूनही फेऱ्या मारणाऱ्यांना मांचू बादशहा मानाची पदवी देत. शिकलेला, महत्त्वाकांक्षी, नाराज माणूस कुठल्याही सत्तेला धोक्याचा. पण तो पुढच्या अटेम्प्टची तयारी करत असेल तर निर्धास्त राहावं. शिवाय पेपर लाल शाईत उतरवलेला, म्हणजे दोष द्यायचा तो स्वतःलाच.

यातून सुटलेल्यानं काय केलं, तेही पाहा. कॅन्टनला पुनःपुन्हा नापास झालेला हुंग श्यूच्वान १८४३ नंतर परीक्षेच्या वाटेला गेला नाही. स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवत त्यानं ताइपिंग बंड उभारलं. १८५१ ते १८६४ या काळात त्यात दोन कोटींवर माणसं मेली. १९०५ मध्ये दरबारानं सुधारणा म्हणून परीक्षाच मोडीत काढली, आणि सहा वर्षांत, १९११ मध्ये, क्रांती झाली. कारणं पुष्कळ होती, पण शिकलेल्या तरुणाला गादीशी बांधणारी दोरी दरबारानं स्वतःच कापली होती.

कम्युनिस्टांनीही हा धडा घोकला, जरा उशिरा. सांस्कृतिक क्रांतीत विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा बंद होती. शी चिनपिंग १९७५ मध्ये छिंगह्वा विद्यापीठात गेले ते परीक्षा न देता, ‘कामगार-शेतकरी-सैनिक’ विद्यार्थी म्हणून. १९७७ च्या डिसेंबरात परीक्षा परतली. ५७ लाख बसले, जागा २.७ लाखांच्या आसपास. सरकारी नोकरीची देशव्यापी परीक्षा १९९४ पासून सुरू झाली. २०२५ च्या भरतीत ३९,७०० जागांसाठी ३४ लाखांवर उमेदवार पात्र ठरले, म्हणजे एका जागेमागे ८६. पुढच्या भरतीसाठी वयोमर्यादा ३५ वरून ३८ केली. आपल्याकडे खुल्या गटाला एमपीएससीत ३८ चीच मर्यादा आहे, हा योगायोग पुण्यातल्या मेसमध्ये चवीनं चघळला जाईल.

२०२३ मध्ये चिनी तरुणांना लू शूनच्या १९१९ च्या कथेतला खुंग यीची आठवला : परीक्षा नापास, खिसा रिकामा, तरी अंगात पंडिताचा लांब झगा. पदव्या घेऊन बसलेल्यांनी स्वतःला त्याच्यात पाहिलं. सरकारी माध्यमांनी सुनावलं, झगा उतरवा आणि मिळेल ते काम करा. त्याच वर्षी जूनमध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टपासून काही महिने आकडेच जाहीर होईनात.

दुकानदार वाचकहो, बोल कोणाला लावायचा ते आता तुम्हीच ठरवा. मी फक्त ११ मार्च २०२१ ची आठवण देतो. करोनामुळे १४ तारखेची एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा नवी पेठेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी काय होती? परीक्षा घ्या! जू युआनजांगला असली प्रजा फार आवडली असती.

पुढच्या आठवड्यात शांग यांग, नक्की. त्याच्या छिन राज्यात बढतीसाठी निबंध लिहावा लागत नसे. शत्रूचं मुंडकं आणून दाखवावं लागे.